मोमोसे-सान जेव्हा जेव्हा बाहेर पडतात

आमच्या शिमोमाची गावात मोमोसे एइकिची हे नाव सुटं कुणी घेत नाही. त्या नावामागोमाग ‘ताबी नी’ हे दोन शब्द यावेच लागतात. ताबी नी म्हणजे जेव्हा जेव्हा. मोमोसे-सान जेव्हा जेव्हा बाहेर पडतात, तेव्हा तेव्हा पाऊस पडतो. आमच्या आळीतलं पोर बोलायला लागलं की आधी ‘आई’ म्हणतं, मग ‘भात’ म्हणतं आणि तिसरं हे वाक्य म्हणतं.

अशा माणसाला आमच्याकडे पाऊसवाला म्हणतात. पाऊसवाले गावोगावी असतात, पण प्रत्येक गावाला आपलाच अस्सल वाटतो. आमच्या पाऊसवाल्याचा धंदा कौलं शाकारण्याचा. उंचेपुरे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि भुवया इतक्या दाट की त्यांना स्वतंत्र छप्पर म्हणता येईल. आता कौलं शाकारायला कोरडी हवा लागते. हा माणूस बाहेर पडला की पाऊस पडत असता, तर आमच्या निम्म्या गावाची घरं अजून उघडी असती. पण मोमोसे-सान कामाला म्हणून छपरावर चढले की ऊन कसं लख्ख! पाऊस पडायचा तो मौजेला निघाले की. चेरीचा बहर बघायला निघाले, की पाऊस. व्यापारी मंडळाची सहल, पाऊस. शाळेच्या शताब्दीला सगळ्या गावाचा एकत्र फोटो काढला, तो तर अजून मुख्याध्यापकांच्या खोलीत लटकतोय. त्यात माणसं दिसत नाहीत, छत्र्या दिसतात. मागच्या रांगेत एकच चेहरा स्पष्ट आहे. मोमोसे-सान स्वतः भिजत मुख्याध्यापकांवर छत्री धरून उभे आहेत.

‘‘आमच्या लग्नातसुद्धा,’’ त्यांच्या पत्नी फुमिए-सान सांगतात, ‘‘माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या टोपड्यातून पाणी टपटपत होतं. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून पोरगी रडतेय. सासूबाई तर फार खूश झाल्या. मी म्हटलं, असू दे. पहिल्याच दिवशी फुकटात नाव मिळतंय.’’

मी जन्मभर शाळेत भाषा शिकवली. आता निवृत्तीनंतर समाजमंदिरात, नूडल्सच्या कारखान्यात कामाला आलेल्या परदेशी मुलामुलींना जपानी शिकवते. ‘ताबी नी’चा धडा आला की पुस्तकातली उदाहरणं मी बाजूला ठेवते. घरात तूप असताना दुकानात कशाला जायचं? फळ्यावर मोमोसे-सानांचं वाक्य लिहिते. मुलांना ते लगेच पाठ होतं. एकदा थुई नावाची व्हिएतनामी मुलगी आणि ब्राझीलचा वाल्दिर यांना पुलावर खुद्द मोमोसे-सान भेटले. दोघांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि एका सुरात म्हणाले, ‘‘आपण जेव्हा जेव्हा बाहेर पडता, तेव्हा तेव्हा पाऊस पडतो!’’

मोमोसे-सानांनीही तितकंच वाकून उत्तर दिलं, ‘‘वा! व्याकरण अगदी पक्कं झालंय तुमचं.’’

पुढच्या वर्गात वाल्दिरने हात वर केला. ‘‘बाई, ते आमच्या वसतिगृहाच्या छपरावर आठवडाभर होते. ऊन तर असं होतं की माझं नाक सोललं. त्याला काय म्हणायचं?’’

‘‘त्याला काही म्हणत नाहीत,’’ मी म्हटलं. ‘‘ताबी नी उठसूट कशालाही लावत नाहीत. रोज सकाळी दात घासतो, त्याला कुणी ताबी नी लावेल का? काहीतरी नजरेत भरावं लागतं.’’

‘‘म्हणजे ऊन फुकट गेलं,’’ वाल्दिर म्हणाला आणि वहीत उतरवायला लागला.

आता यातली गोम सांगते. आमच्या गावात कुणाला तोंडावर ‘येऊ नका’ म्हणायची पद्धत नाही. त्यापेक्षा माणूस दहा कोस वळसा घालून जाईल. मोमोसे-सानांची नात चिहारु पहिलीत गेली, त्या वर्षी ते मोठ्या हौसेने शाळेच्या क्रीडादिनाला गेले. टोपलीत चेंडू टाकण्याचा खेळ सुरू झाला आणि आभाळ फाटलं. चेंडू टोपलीत पडण्याआधी टोपलीतून पाणी पडायला लागलं. गावभरच्या डब्यांतला भात पेजेसारखा झाला. सगळ्यांनी एकदम एकाच दिशेला पाहिलं आणि एकदमच मान वळवली.

दुसऱ्या वर्षी क्रीडादिनाच्या आधी व्यापारी मंडळाचे अध्यक्ष कारासावा-सान, म्हणजे आमचे दारूचे दुकानदार, मोमोसे-सानांच्या दारात हजर.

‘‘अभिनंदन, मोमोसे-सान! आपल्या आळीच्या सोडतीत तुम्हाला बक्षीस लागलंय. घाटापलीकडच्या गरम झऱ्यांवर एक रात्र, जेवणासकट!’’

‘‘पण मी सोडतीचं चाक फिरवलंच नव्हतं.’’

‘‘तुमच्या वतीने मी फिरवलं. शेजारधर्म म्हणून. फक्त एक बारीकशी अट आहे. कुपन ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारीच चालतं.’’

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार म्हणजे क्रीडादिन. मोमोसे-सान क्षणभर त्या कुपनाकडे पाहत राहिले. मग खोल वाकून म्हणाले, ‘‘माझ्यासारख्याला एवढं बक्षीस! आभारी आहे.’’

तेव्हापासून दर वर्षी चाक न फिरवता त्यांना बक्षीस लागतं. दर वर्षी ते शनिवारी पहाटेच्या गाडीने छत्री घेऊन घाटापलीकडे जातात, आणि गावाचा पाऊस आपल्याबरोबर नेतात अशी गावाची समजूत. क्रीडादिनाला ऊन पडतं. रविवारी ते परततात ते आळीतल्या प्रत्येक घरासाठी मांजू म्हणतात त्या गोड सारणाच्या पावांचा पुडा घेऊन. कारासावा-सान आतुरतेने विचारतात, ‘‘मग? कशी होती हवा?’’

‘‘काय सांगू! सारखी धार. आंघोळीच्या कुंडात वरून पाणी, खालून पाणी.’’

‘‘अरेरे!’’ असं म्हणताना कारासावा-सानांचा चेहरा नुसता उजळून निघतो.

गेल्या वर्षी क्रीडादिनानंतरच्या रविवारी मी त्याच गाडीने येत होते. डब्यात ते पलीकडे झोपले होते. स्टेशनावर मी उतरले तर काय पाहते, फलाटाच्या टोकाच्या नळाखाली मोमोसे-सान छत्री धरून उभे! आधी उघडून भिजवली, मग मिटून भिजवली. मग दोनदा झटकली. आकाशात ढगाची चिंधीसुद्धा नव्हती.

मला पाहून म्हणाले, ‘‘बाई, घड्यांमध्ये धूळ फार बसते हो.’’

‘‘बसते खरी,’’ मी म्हटलं.

फुमिए-सानांना हे माहीतच होतं. ‘‘दर वर्षीचं आहे हे,’’ त्या मटार सोलता सोलता म्हणाल्या. ‘‘माणूस कोरडा ठणठणीत आणि छत्री ओली! मी विचारलं, अहो, कशाला हे नाटक? तर म्हणतात, गावाने एवढ्या मायेने पाठवलं, त्यांचं पाठवणं फुकट गेलं असं कसं सांगायचं?’’

तर अशा रीतीने सगळं सुरळीत चाललं होतं. मग यंदा चिहारु सहावीत गेली.

सहावी म्हणजे प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष. त्यात तिची पांढऱ्या टोपीवाल्या संघाच्या रिलेत शेवटच्या टप्प्याला निवड झाली. शेवटच्या टप्प्याला पळणाऱ्याच्या खांद्यावरून पट्टा असतो आणि पूर्ण फेरी मारायची असते. हा मान गावात नगराध्यक्षाच्या खालोखाल. चिहारुने आजोबांच्या भुवया घेतल्या आहेत आणि आजीची जीभ. ती सरळ आजोबांच्या कार्यशाळेत गेली. फुमिए-सान चहा घेऊन गेल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

‘‘आजोबा, यंदा तुम्ही यायचं.’’

‘‘बक्षीस लागलंय गं मला.’’

‘‘दर वर्षी लागतं. मला काय कळत नाही? मी लहान आहे का?’’

‘‘कारासावा-सानांना वाईट वाटेल.’’

‘‘आणि मला?’’

मोमोसे-सान कौल पुसत राहिले. ‘‘हे बघ, मी आलो आणि पाऊस आला तर तुझी शर्यतच होणार नाही. वर्षभर सराव केलास तो गेला. शिवाय चारशे लोकांचे डबे.’’

‘‘लोकांच्या डब्यांची काळजी! माझी एक शर्यत बघितली नाहीत तुम्ही पहिलीपासून. पुढच्या वर्षी मी मोठ्या शाळेत जाणार. तिथे आजोबांना बोलावत नाहीत.’’

‘‘व्हिडिओ बघेन की.’’

‘‘बघा मग व्हिडिओ,’’ असं म्हणून ती निघून गेली आणि तिने आजोबांशी बोलणं टाकलं. आठवडाभर घरात ‘आजी, त्यांना सांग भात वाढून ठेवलाय’ असा कारभार चालला.

शुक्रवारी तिने पाऊस न येण्यासाठी वळचणीला टांगतात ती पांढऱ्या कापडाची बाहुली केली. सगळी मुलं करतात. पण हिच्या बाहुलीच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता आणि शाईने काढलेल्या भुवया कानापर्यंत गेल्या होत्या. मोमोसे-सान बाहुलीसमोर उभे राहिले.

‘‘आजी,’’ चिहारु मोठ्याने म्हणाली, ‘‘त्यांना सांग, ते आले नाहीत तरी हा येणार आहे. चटईवर त्यांच्या जागी बसवीन. हा निदान पाऊस तरी आणत नाही.’’

त्या संध्याकाळी मोमोसे-सानांनी बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली.

शनिवारी ते पहाटेच्या गाडीने गेले. आमच्याकडे क्रीडादिन होणार असेल तर सकाळी सहाला शाळेच्या मैदानातून फटाक्याचा एक बार उडतो, की बायका डब्याला लागतात. सहा वाजले. बार उडाला नाही. मी खिडकी उघडली तर बाहेर पाऊस असा कोसळत होता की समोरचं कारासावांचं दुकान दिसेना.

गाव सुन्न झालं. पाऊसवाला घाटापलीकडे आणि पाऊस इथे! आता पाहायचं कुणाकडे? कारासावा-सान दुकानाच्या पायरीवर येऊन आभाळाकडे बघत होते. ‘‘बहुधा ढग त्यांना शोधत आलेत,’’ ते म्हणाले. ‘‘त्यांना कुणी कळवलं नसेल, मोमोसे-सान आज बाहेरगावी आहेत म्हणून.’’

दुपारी मोमोसे-सानांनी घरी फोन केला.

‘‘इकडे भयंकर पाऊस आहे,’’ ते सवयीने म्हणाले. ‘‘तिकडे ऊन असेल ना? झाली का शर्यत?’’

‘‘इकडे भयंकर पाऊस आहे,’’ फुमिए-सान म्हणाल्या.

तेवढ्यात फोनमध्ये मागून तिथल्या हॉटेलच्या मालकिणीचा आवाज खणखणीत ऐकू आला, ‘‘अगं पोरींनो, केवढं ऊन पडलंय! गाद्या काढा वाळत घालायला!’’

‘‘अहो,’’ फुमिए-सान म्हणाल्या, ‘‘तुम्ही गेलात आणि पाऊस इथेच राहिला. शर्यत आता मंगळवारी. मैदानात गुडघाभर चिखल आहे.’’

मोमोसे-सान म्हणाले, ‘‘मंगळवारी पोरीचे आईबाप कामावर.’’

खरंच होतं. मुलगा मात्सुमोतो शहरातल्या कंपनीत, सून इस्पितळात परिचारिका, दोघांनी शनिवारची रजा मुश्किलीने मिळवली होती. ती पावसात गेली. मंगळवारी चिहारुच्या चटईवर बसायला उरल्या फुमिए-सान आणि ती बाहुली.

रविवारी मोमोसे-सान परत आले तेव्हा छत्री नळाखाली धरायची गरज पडली नाही. मांजूचे पुडे वाटताना कारासावा-सानांनी हवा विचारली नाही. ‘यंदा सारण छान आहे’ एवढंच म्हणाले.

सोमवारी मोमोसे-सान टेकडीवरच्या बुद्धमंदिरात गेले. तिथल्या पुजाऱ्यांनीच हे मला मागाहून सांगितलं. मोमोसे-सान त्यांना म्हणाले, ‘‘उद्या तुमचं छप्पर तपासायला येतो.’’

‘‘अहो, वसंतातच तर शाकारलंत!’’

‘‘म्हणूनच. नव्या कौलांवर नजर ठेवावी लागते. ती पूर्वेची बाजू जरा…’’

पूर्वेच्या बाजूखाली काय आहे हे पुजाऱ्यांना ठाऊक होतं. त्या छपरावरून शाळेचं मैदान ताटात वाढल्यासारखं दिसतं. ‘‘या या,’’ ते म्हणाले, ‘‘बऱ्याच दिवसांपासून ती बाजू मलाही काळजीचीच वाटतेय.’’

हिशेब अगदी चोख होता. क्रीडादिनाला गेलं तर पाऊस, कामाला गेलं तर ऊन. मग कामालाच जायचं. पावसाला फसवायचं म्हणजे असं.

मंगळवारी सहाला बार उडाला. आकाश धुतल्यासारखं निळं. मैदानात नेहमीच्या निम्मीसुद्धा माणसं नव्हती. आम्ही म्हातारेच काय ते. मी फुमिए-सानांच्या चटईवर बसले. आमच्या मध्ये भुवयांची बाहुली. चिहारु रांगेत उभी राहून चटईकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती.

‘‘तिने विचारलं का, आजोबा कुठे गेले म्हणून?’’ मी म्हटलं.

‘‘मला नाही विचारलं. बाहुलीला विचारलं,’’ फुमिए-सान म्हणाल्या. ‘‘मी सांगितलं, कामाला गेलेत. तर तोंड एवढंसं झालं.’’

तेवढ्यात शेजारच्या चटईवरून कारासावा-सान कुजबुजले, ‘‘मंदिराच्या छपरावर कोण आहे हो ते?’’

आम्ही वर पाहिलं. पूर्वेच्या उतारावर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक उंच आकृती एकच कौल हातात घेऊन बसली होती. ते कौल ती उलटंसुलटं करून बघत होती, पण तोंड कौलाकडे नव्हतं.

‘‘कामात दिसतात,’’ फुमिए-सान म्हणाल्या.

‘‘कामात आहेत ना?’’ कारासावा-सानांनी दोनदा विचारून घेतलं. ‘‘नुसतं काम ना? मग हरकत नाही.’’

रिले सुरू झाली. पांढरा संघ सुरुवातीपासून मागे. चिहारुच्या हातात बॅटन आलं तेव्हा तिच्यापुढे तिघी होत्या. तिने पहिलं वळण घेतलं, एकीला गाठलं, आणि दुसऱ्या वळणावर तिचा पाय सरकला. चिखल अजून पुरता वाळलेला नव्हता. ती गुडघ्यावर पडली, बॅटन मात्र सुटू दिलं नाही. मैदान ‘अरे’ म्हणालं. तेवढ्यात वरून आवाज आला.

‘‘चिहारु! ऊठ! पळ, पोरी, पळ!’’

कौलं खाली मजुराला हाक मारून मागायची असतात, त्या आवाजाला आयुष्यभराची तालीम होती. तो आवाज सगळ्या दरीत घुमला. छपरावर मोमोसे-सान उभे राहिले होते, दोन्ही हात हवेत, कौलासकट. आता याला काम कोण म्हणणार? चिहारुने वर पाहिलं. एक क्षण पाहिलं, आणि उठून अशी सुटली की तिच्या मागे चिखलाची रांगोळी पडत गेली.

आणि नेमका त्याच वेळी सूर्यापुढे ढग आला.

मैदानात सावली पसरली. चारी बाजूंनी छत्र्यांच्या खटक्यांवर बोटं गेली. कारासावा-सानांनी आपला डबा सदऱ्याखाली घेतला. छपरावर मोमोसे-सानांनीही वर पाहिलं, हात खाली घेतले, आणि चोरासारखे मागच्या उतारावरून सरकायला लागले.

‘‘आजोबा, बसा!’’ पळता पळता चिहारु ओरडली. ‘‘अजून संपलं नाही!’’

ते बसले. अख्खं गाव ढगाकडे बघत होतं. शर्यत बघत होते फक्त दोघे, एक छपरावरचे आणि एक चटईवरची बाहुली. ढग जरा रेंगाळला, आणि डोंगराकडे निघून गेला. ऊन परत आलं. एक थेंब नाही. चिहारु दुसरी आली. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि ती छपराकडे बघून पट्टा हलवत होती.

ध्वनिक्षेपक खरखरला. मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘मंदिराच्या छपरावरील पालकांना विनंती आहे, त्यांनी खाली यावं. जेवणाची वेळ झाली आहे. त्यांची जागा राखलेली आहे.’’

चिहारुने चटईवरची बाहुली उचलून आजीच्या पिशवीत घातली.

मोमोसे-सान आले ते हातातलं कौल घेऊनच. ठेवायचं विसरले होते. चटईवर पाय दुमडून बसले, सारखे वर बघत. चिहारुने त्यांच्यापुढे भाताचा गोळा ठेवला. ‘‘आकाशाकडे काय बघताय? खा.’’ पळता पळता ओरडली ते सोडलं, तर इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलली होती.

कारासावा-सानांनी बराच वेळ विचार केला. गावाचं इतक्या वर्षांचं वाक्य असं चिखलात पडलेलं त्यांना बघवेना. शेवटी मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘‘आपलं चुकलं कुठे ते कळलं! मोमोसे-सान जेव्हा जेव्हा गाव सोडून जातात, तेव्हा तेव्हा इथे पाऊस पडतो. शनिवारी नव्हता का पडला?’’

‘‘खरंच की!’’ आजूबाजूचे म्हणाले. गावाचा जीव भांड्यात पडला. वाक्य राहिलं, फक्त आतला माणूस इकडचा तिकडे केला. मागच्या सगळ्या वर्षी ते गाव सोडून गेले आणि इथे ऊन पडलं, हे कुणाला आठवलं नाही. ऊन आपलं पुन्हा फुकट गेलं.

तेव्हापासून मोमोसे-सानांचं गरम झऱ्यांचं बक्षीस बंद आहे. खरं म्हणजे त्यांना त्या कुंडाची चांगलीच गोडी लागली होती. आता गावातल्या कुठल्याही कार्यक्रमाला त्यांना मंडपात पहिल्या रांगेत खुर्ची असते. सहलीला ते हवेत, बहर बघायला हवेत, कुणाचं धान्य वाळत असलं तरी त्यांनी गावातच हवं. मागे दात काढायला मात्सुमोतोला निघाले, तर कारासावा-सान स्टेशनापर्यंत आले. ‘‘कधी परत? नाही म्हणजे, घरी गाद्या वाळत घातल्यात.’’

त्या संध्याकाळी मी स्टेशनावर होते. मोमोसे-सान गालाला रुमाल लावून उतरले आणि आधी जमिनीकडे पाहिलं. सगळीकडे कोरडं ठक्क.

‘‘बाई,’’ ते सुजलेल्या तोंडाने हळूच म्हणाले, ‘‘इथे पडला नाही वाटतं?’’

‘‘नाही हो. दिवसभर ऊन होतं.’’

‘‘थोडासासुद्धा नाही? कारासावा-सानांना फार वाईट वाटेल.’’

त्यांनी फलाटाच्या टोकाकडे पाहिलं. तिथे नळ होता, आणि नळाखाली कुणीतरी विसरलेली एक बादली.

‘‘त्यांच्या दुकानापुढची फरशी,’’ ते म्हणाले, ‘‘फार काही मोठी नाही.’’